समाजकार्यकर्त्यांची संघटना नेमकी कोणासाठी?

समाजकार्याची पदवी घेणाऱ्या मुलामुलींना घरच्यांकडून आणि शेजाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. लोकांची सेवा करायला मन चांगलं असलं की झालं, त्यासाठी दोन वर्षं कॉलेजात कशाला घालवायची? पुढे नोकरी लागून तीच मुलं एखाद्या व्यावसायिक संघटनेची सभासद झाली की दुसरा प्रश्न येतो. सेवाच करायची, तर मग संघटना कशाला? ती काय पगारवाढ मागायला?

हे प्रश्न उडवून लावण्यासारखे नाहीत. 1911 मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली. लीगने गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. त्या वेळी भारतात समाजकार्याची पदवी नव्हतीच. पदवीवाचून एवढं काम झालेल्या प्रांतात पदवीची आणि संघटनेची गरज पटवून द्यावी लागणार, हे उघड आहे. ते या प्रकरणात टप्प्याटप्प्याने करू.

1. चांगुलपणा कुठे अपुरा पडतो

महाराष्ट्रातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ अशी पाटी असलेली एक खोली असते. मधुमेहामुळे पाय कापावा लागलेला एक शेतमजूर वॉर्डात आहे असं समजा. जखम भरली आहे, डॉक्टरांना खाट मोकळी हवी आहे. त्याच्या बायकोला अधीक्षकांकडे पाठवलं जातं.

अधीक्षक आधी रेशनकार्ड बघतात. नाव कोणाचं आहे, पत्ता कुठला आहे, आधारवरचं नाव जुळतं की नाही. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसले का, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी कधी यायचं, कृत्रिम पाय कुठे मिळेल, हे कागदावरचं काम. त्यानंतरचं काम कागदावर नसतं. हा माणूस घरी गेला तर त्याला शौचाला कोण नेणार? भावाशी जमिनीचा वाद आहे, मग त्याच घरात राहायचं कसं? मजुरी गेली, आता मोठी मुलगी शाळा सोडणार का? बायको एवढ्या वेळात एकदाही रडली नाही, याचा अर्थ ती खंबीर आहे की सुन्न झाली आहे?

या खोलीत चांगुलपणा तर हवाच. पण तेवढ्यावर काम करणारा माणूस नवऱ्याला धीर देईल, खिशातले पाचशे रुपये देईल आणि शाळा सोडण्याच्या बेतात असलेली मुलगी त्याच्या नजरेतून सुटेल. विचारायचं काय, कोणत्या क्रमाने आणि न विचारता काय ओळखायचं, हे शिकावं लागतं.

आणखीही एक अडचण आहे. किराणा दुकानातलं वजन खरं की खोटं, हे आपण घरी आणून पुन्हा तोलू शकतो. तरीही वजनमापांवर सरकारी शिक्का लागतो, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाने घरी काटा ठेवावा अशी अपेक्षा चुकीची आहे. समाजकार्यकर्त्याचा सल्ला तर घरी नेऊन तोलताही येत नाही. त्या बाईला चुकीचा सल्ला मिळाला, तर तो चुकीचा होता हे तिला कदाचित कधीच कळणार नाही. ज्याच्या कामाची पारख गिऱ्हाइकाला करता येत नाही, त्याच्या कामावर शिक्का कोणी मारायचा, हा या प्रकरणाचा मूळ प्रश्न आहे.

2. फ्लेक्सनरची पाचवी आणि सहावी कसोटी

अमेरिकेत हा प्रश्न 1915 मध्ये भर सभेत विचारला गेला. बाल्टिमोरला धर्मादाय कामांची राष्ट्रीय परिषद भरली होती. वक्ते होते अब्राहम फ्लेक्सनर. पाचच वर्षांपूर्वी त्यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांवर असा कडक अहवाल लिहिला होता की पुढे त्यांतली कित्येक बंद पडली. त्यांच्या भाषणाचा विषय होता: समाजकार्य हा व्यवसाय आहे का?

त्यांनी सहा कसोट्या मांडल्या. काम बुद्धीचं आणि जबाबदारीचं असावं. त्याला ज्ञानशाखांचा आधार असावा. त्याचं उद्दिष्ट व्यवहारी आणि निश्चित असावं. त्याचं तंत्र दुसऱ्याला शिकवता यावं. ते करणारे लोक आपापसात संघटित होत जावेत, ही पाचवी. आणि त्यांचा हेतू अधिकाधिक परोपकाराचा होत जावा, ही सहावी.

निकाल श्रोत्यांना झोंबणारा होता. समाजकार्य अजून पूर्ण अर्थाने व्यवसाय झालेलं नाही, असं फ्लेक्सनर म्हणाले. समाजकार्यकर्ता रुग्णाला डॉक्टरकडे आणि भांडण वकिलाकडे नेतो. तो मध्यस्थ आहे, त्याचं स्वतःचं तंत्र कुठे आहे? दोनच वर्षांत, 1917 मध्ये, मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा जाडजूड ग्रंथ आला. कुटुंबाची माहिती कशी काढायची, पुरावा कसा तपासायचा, निष्कर्षाला कसं यायचं, याची शिस्त त्यात बांधून दिली होती. चौथ्या कसोटीला तिथे उत्तर मिळायला सुरुवात झाली.

मला मात्र पाचवी आणि सहावी कसोटी जास्त महत्त्वाच्या वाटतात. माणसं संघटित होतात ती बहुतेक वेळा स्वतःच्या हितासाठी. परोपकार म्हणजे दुसऱ्याचं हित. फ्लेक्सनरने दोन्ही एकाच यादीत लागोपाठ ठेवल्या. एकाच संघटनेने सभासदांचं हित सांभाळायचं आणि सभासदांपुढे बसलेल्या माणसाचंही. हे दोन्ही एका वेळी साधणं कठीण असतं, आणि कोणतीही व्यावसायिक संघटना तपासायची तर ती इथेच तपासावी.

3. नागपाडा, जे. जे. आणि कारखाने

आपल्याकडे हा व्यवसाय मुंबईत सुरू झाला. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री नागपाड्याच्या वस्तीत नेबरहुड हाऊस चालवत होते. 1936 मध्ये तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. 1944 पासून तीच टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली, ती देशातली पहिली मानली जाते.

नोकऱ्या वाढल्या त्या कायद्यामुळे. 1948 च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. शिकलेले बरेच समाजकार्यकर्ते तिकडे गेले आणि तिथेच खरी पंचाईत झाली. पगार मालकाचा, कल्याण कामगाराचं. मालक म्हणाला, संपात कोण पुढे आहे त्याची नावं द्या, तर अधिकाऱ्याने काय करायचं? एकट्या माणसाला ‘नाही’ म्हणणं जड जातं. ‘माझ्या व्यवसायाच्या नियमांत हे बसत नाही’ असं म्हणायला मागे कोणीतरी उभं असावं लागतं. संघटनेची पहिली गरज अशा प्रसंगातून निर्माण होते.

4. महाविद्यालय, युनियन, परिषद, संघटना

पुढे जाण्याआधी चार संस्थांमधला फरक स्पष्ट करून घेऊ, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो.

महाविद्यालय शिकवतं आणि पदवी देतं, पुढे विद्यार्थ्याने काय केलं याला ते जबाबदार नसतं. युनियन पगार, रजा आणि नोकरीची हमी यांसाठी मालकाशी बोलते. परिषद ही कायद्याने जन्माला येते, नोंदणी करते, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर नोंदणी काढून घेते. वकिलांच्या बाबतीत हे आपल्या ओळखीचं आहे. सनद देते महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, तिच्यामागे 1961 चा कायदा आहे. तालुक्याच्या कोर्टातली बार असोसिएशन वेगळी, ती वकिलांनी आपण होऊन काढलेली असते. असोसिएशनने काढलं तरी वकील वकीलच राहतो. कौन्सिलने सनद काढून घेतली, तर त्याला कोर्टात उभं राहता येत नाही.

व्यावसायिक संघटना ही या असोसिएशनच्या जातीची, ऐच्छिक. वर्गणी भरा, सभासद व्हा. मग तिच्या हातात उरतं काय? बरंच उरतं. व्यवसायाची आचारसंहिता लिहायची, नोकरीत असलेल्यांचं शिक्षण चालू ठेवायचं, सरकार कायदा करत असेल तर जमिनीवरचा अनुभव तिथे पोचवायचा, अडचणीत सापडलेल्या सभासदाला जुन्याजाणत्या सहकाऱ्याचा सल्ला मिळवून द्यायचा. आणि परिषद नसेल तर ती व्हावी म्हणून झगडायचं.

अमेरिकेत 1955 मध्ये सात वेगवेगळ्या संघटना एक झाल्या. रुग्णालयातल्यांची एक, शाळेतल्यांची एक, मनोरुग्णांबरोबर काम करणाऱ्यांची एक, अशा त्या विखुरलेल्या होत्या. त्यांतून नॅशनल असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स उभी राहिली. पाच वर्षांनी तिने पहिली आचारसंहिता मंजूर केली. ती पानभर मजकुराची होती आणि तिची कलमं ‘मी’ या शब्दाने सुरू होणाऱ्या प्रतिज्ञांची होती. आज तिची पुस्तिका झाली आहे, आणि मोबाइलवरून दिलेल्या समुपदेशनाचाही त्यात विचार आहे. इंग्लंडमध्ये तर 2005 पासून नोंदणी नसताना लोकांना फसवण्याच्या हेतूने ‘सोशल वर्कर’ म्हणवून घेणं हा गुन्हा आहे. पण तो अधिकार कायद्याचा, संघटनेचा नव्हे.

5. आचारसंहिता कशी वापरतात: एक उदाहरण

आचारसंहिता म्हटलं की भिंतीवर लावायची सुवचनं डोळ्यांपुढे येतात. ती प्रत्यक्षात कशी लागते ते पाहू.

एचआयव्ही तपासणी केंद्रातल्या समुपदेशिकेपुढे एक तरुण बसला आहे. अहवाल पॉझिटिव्ह आहे. सहा महिन्यांपूर्वी लग्न झालं आहे. तो हात जोडून म्हणतो, “ताई, बायकोला सांगू नका. ती माहेरी निघून जाईल. गावात तोंड दाखवता येणार नाही मला.”

समुपदेशिकेला दोन कर्तव्यं एकदम दिसतात. तरुणाने विश्वासाने सांगितलेलं गुप्त ठेवायचं, आणि इथे नसलेल्या त्या मुलीचा जीव वाचवायचा. मनाचा कौल घेतला तर काही जणी लगेच फोन लावतील, काही जणी गप्प बसतील. दोन्ही चूक.

जगभरच्या आचारसंहितांमध्ये गोपनीयतेच्या कलमाला जोडून अपवादाचं कलम असतं: कोणाला गंभीर इजा होण्याचा धोका असेल तर गोपनीयता सोडता येते, पण लागेल तेवढीच, आणि शक्यतो आधी त्या व्यक्तीला सांगून. भारतात एचआयव्हीपुरता हाच विचार 2017 च्या कायद्याच्या नवव्या कलमात आला आहे. पायऱ्या अशा. जोडीदाराला ही गोष्ट फक्त डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतात, दुसरा कोणी कर्मचारी नाही. जोडीदाराला लागण होण्याचा मोठा धोका आहे असं सयुक्तिकपणे वाटलं पाहिजे. तरुणाने स्वतःच सांगावं म्हणून त्याचं समुपदेशन झालेलं असलं पाहिजे. तो सांगणार नाही अशी खात्री पटली पाहिजे. मग ‘आता मी सांगणार आहे’ हे त्याला कळवलं पाहिजे. त्यानंतर त्या मुलीला समक्ष भेटून, तिचंही समुपदेशन करून सांगायचं. फोनवर नाही, सासूच्या हाती निरोप देऊन तर नाहीच.

आता हेच उलटं धरा. पॉझिटिव्ह अहवाल बायकोचा आहे, आणि नवऱ्याला कळलं तर तो मारेल किंवा घराबाहेर काढेल अशी रास्त भीती आहे. मग कायदा म्हणतो, नवऱ्याला सांगायचं नाही. पुरुष आणि बाई यांच्या घरातल्या परिस्थितीतला फरक कायद्याने इथे सरळ मान्य केला आहे.

कलम आहे, पण काम संपलेलं नाही. ‘तो सांगणार नाही’ अशी खात्री दोन भेटींनंतर धरायची की पाच? तिला बोलावून घ्यायचं कोणत्या निमित्ताने? कायद्यात याचं उत्तर नाही, आणि असूही शकत नाही. हे ठरवायला असेच प्रसंग हाताळलेली माणसं लागतात, जी तरुणाचं नाव न विचारता सल्ला देतील. जिल्ह्याच्या ठिकाणी एकटीच काम करणारी समुपदेशिका हा प्रश्न वरिष्ठांना विचारू शकत नाही, कारण वरिष्ठ बहुधा प्रशासनातले असतात आणि त्यांना महिन्याचा आकडा हवा असतो. महिन्यातून एकदा दहा समुपदेशक एका खोलीत बसून नावं न घेता आपापले अवघड प्रसंग मांडत असतील, तर माझ्या मते संघटनेने करायच्या सगळ्या कामांत याचं मोल सर्वांत जास्त आहे. यासाठी परिषद लागत नाही, अनुदान लागत नाही, चहा आणि सतरंजी पुरते.

दुसरं उदाहरण छोटं आहे, पण रोजचं. संस्थेच्या वर्धापनदिनी बालगृहातल्या मुलांचे फोटो फेसबुकवर टाकले जातात, खाली देणग्यांचं आवाहन असतं. बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमाने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अध्यक्षांनी सांगितलं म्हणून फोटो टाकणारा कार्यकर्ता वाईट नसतो. त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं, किंवा सांगितलेलं असूनही ‘साहेब, हे नको’ म्हणण्याइतकी त्याची नोकरी पक्की नसते.

इथे पगाराचा प्रश्न आपोआप येतो. व्यावसायिक संघटनेने पगाराच्या भानगडीत पडू नये, ते युनियनचं काम, असं पुष्कळदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर, मानधनावर काम करणाऱ्याकडून आचारसंहितेपायी वरिष्ठांना अडवण्याची अपेक्षा करायची आणि त्याच्या कराराबद्दल मात्र मौन पाळायचं, हे न्यायाचं नाही.

6. सरकारदरबारी बोलणं, आणि त्याचं ओझं

संघटनेचा आवाज कुठवर पोचू शकतो हे एका खटल्यावरून कळतं. अमेरिकेत एका पोलीस अधिकारी महिलेने कामावर असताना गोळीबार केला, त्यात एक माणूस मेला. त्यानंतर ती एका परवानाधारक समाजकार्यकर्तीकडे समुपदेशनाला जात होती. मृताच्या कुटुंबाने त्या समुपदेशनाच्या नोंदी कोर्टात मागितल्या. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मानसोपचारातल्या बोलण्याला मिळणारं गोपनीयतेचं संरक्षण समाजकार्यकर्त्यांकडे झालेल्या समुपदेशनालाही मिळेल. न्यायालयाने दिलेलं एक कारण फार मोलाचं आहे. मनोविकारतज्ज्ञाची फी ज्यांना परवडत नाही असे गरीब लोक अनेकदा समाजकार्यकर्त्यांकडे जातात. त्यांना संरक्षण नाकारलं, तर गुपित राखण्याचा हक्क फक्त पैसेवाल्यांचा ठरेल. या बाजूने न्यायालयापुढे म्हणणं मांडणाऱ्यांत समाजकार्यकर्त्यांची संघटनाही होती. इथे सभासदांचं हित आणि गरीब माणसाचं हित एकाच दिशेला होतं.

नेहमी असं होत नाही. कॅनडाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे प्रकरण प्रामाणिक होणार नाही. 1947 मध्ये तिथल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने एका कल्याण संस्थेबरोबर संसदीय समितीला निवेदन दिलं. आदिवासींच्या राखीव वस्त्यांत मुलांसाठीच्या सोयींची हलाखी आहे, प्रांतांच्या कल्याणसेवा तिथवर न्याव्यात, असा त्याचा रोख होता. हेतू चांगला होता. 1951 मध्ये आदिवासींबाबतचा कायदा त्या दिशेने बदलला. पुढच्या दशकांत प्रांतांचे समाजकार्यकर्ते त्या वस्त्यांत गेले आणि आपल्या मापाने घरं जोखू लागले. गरिबी म्हणजे हयगय, आजीने मूल वाढवणं म्हणजे आईने टाकणं. हजारो आदिवासी मुलं उचलून गोऱ्या कुटुंबांत दिली गेली. त्यांची भाषा गेली, नावं गेली, आपलं घर कुठलं हे कळण्याची सोय गेली. 2019 मध्ये त्याच संघटनेने जाहीर माफी मागितली आणि त्या माफीत आपल्या 1947 च्या निवेदनाचाही हिशेब दिला.

यात दुष्ट कोणी नव्हतं. निवेदन देणारी तर व्यवसायाचीच संघटना होती. कमी पडलं ते एवढंच की निवेदन लिहिताना त्या वस्तीतल्या आजीला कोणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे पारधी वस्तीबद्दल, ऊसतोड कामगारांच्या पालावरच्या मुलांबद्दल, देवदासींच्या मुलींबद्दल निवेदनं लिहिली जातात. ती लिहिणाऱ्या प्रत्येक संघटनेने हा इतिहास आधी वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

7. भारतात कुठे अडलं आहे

आपल्याकडे संघटना झाल्या. मुंबईत प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांची आहे, महाराष्ट्रात समाजकार्याच्या शिक्षकांची आहे, देशपातळीवर 2005 पासून व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांची आहे. 1997 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या अध्यापकांच्या मंचाने नीतितत्त्वांची जाहीर मांडणीही केली. ती उपेक्षितांचं भान ठेवून लिहिलेली होती, परदेशी मसुद्याची नक्कल नव्हती.

पण सबंध व्यवसायासाठी वैधानिक परिषद नाही. तुकडे आहेत. पुनर्वसन क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांची नोंद 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली होते. मानसोपचार क्षेत्रातल्यांची व्याख्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्यकर्त्यांना यादीत घेतलं. हा तिसरा कायदा मोठं पाऊल आहे, पण तो आरोग्यापुरता आहे. पोलीस ठाण्यातल्या महिला साहाय्य कक्षात बसणारी, बालगृहात राहणारा, गावात बचतगटांबरोबर काम करणारी, हे सगळे त्याच्या बाहेर राहतात. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात 1984 पासून समाजकार्यकर्त्या छळ झालेल्या बायकांबरोबर काम करत आल्या आहेत. एवढा जुना आणि इतका जोखमीचा अनुभव असलेल्या कामालाही नोंदणीची चौकट नाही.

सरसकट सक्तीची नोंदणी आणावी, असं मात्र मी म्हणणार नाही. पदवी नसलेली, पण वस्तीत तीस वर्षं घालवलेली कार्यकर्ती त्या नियमाने बेकायदा ठरेल, आणि ते नुकसान भरून येणार नाही. नोंदणी कामाला लावावी, माणसाला नको. ज्या कामात दुसऱ्याचं मूल, शरीर किंवा गुपित हातात येतं, तिथे ती असावी.

तोवर सामान्य माणसाने तक्रार कुठे करायची? बाल कल्याण समितीबद्दल तक्रार असेल तर कायद्याने जिल्हाधिकाऱ्याकडे जाता येतं. एचआयव्हीची माहिती फुटली तर 2017 च्या कायद्याने लोकपालाची सोय ठेवली आहे. पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्याविरुद्ध परिषदेकडे जाता येतं. पण खासगी संस्थेच्या समुपदेशन केंद्रात एखाद्या बाईने सांगितलेली गोष्ट आठ दिवसांत तिच्या सासरी पोचली, तर कोर्टाची पायरी सोडल्यास तिला एकच दार उरतं. ज्या विश्वस्तांनी त्या कार्यकर्त्याला नेमलं, त्यांच्याचकडे तिने जायचं. संघटनांना परिषदेची वाट न बघता इथे काम सुरू करता येईल. प्रत्येक जिल्ह्यात तिघांची तक्रार समिती असावी, त्यातला एक तरी सदस्य व्यवसायाबाहेरचा असावा, आणि समितीचा फोन नंबर समुपदेशन केंद्राच्या दाराबाहेर मराठीत ठळक लिहिलेला असावा.